पाण्याचा वार बघून

नळ मंगळवारी रात्री आला, म्हणून गाडी पहाटे चारला निघाली.
तारीख आम्ही नव्हती ठरवली, महापालिकेनं ठरवली होती.
पिंपं, घागरी, टाकी, शेवटी कुकरसुद्धा भरून
राजव्वानं दाराला कुलूप लावलं,
परत उघडलं, कुकरवर झाकण टाकलं, पुन्हा लावलं.
(राजव्वा माझी आई. अख्खी गल्ली म्हणते, म्हणून मीही.)

तवेरा सिद्रामची, डिझेल आमचं.
एसी चढाला बंद, उताराला चालू, ही अट त्याची.
सात माणसं, कडक भाकऱ्यांचं गाठोडं,
शेंगाचटणीचा डबा, जो मंगळवेढ्याच्या अलीकडंच उघडला.
कोपऱ्यावरच्या गुरख्यानं विचारलं, "कुठं चाललाव बे एवढ्या रात्री?"
"समुद्राला," राजव्वा म्हणाली,
जसं कुणी म्हणतं, दवाखान्याला.

एकोणीस वर्षं ती टॉवेलला काठ मारते,
अक्कलकोट रोडला, दुसऱ्या पाळीत.
टॉवेलवर निळं चित्र :
वर कडी, मधे दांडा, खाली दोन वाकडे दात.
हे काय, तिनं मास्तरला एकदा विचारलं होतं.
नांगर, मास्तर म्हणाला. माल बाहेर जातो.
तेव्हापासून तिला कोडं,
अंग पुसायला त्या लोकांना शेत कशाला लागतं?
आणि बैल?

सांगोल्याला डाळिंबं, कापड पांघरून बसलेली.
मिरजेला चहा. कोल्हापूर बाहेरूनच.
करूळच्या घाटात तिनं डोळे मिटले,
एका मुठीत लिंबू, दुसऱ्या मुठीत सिद्रामच्या सीटची कड.
खाली उतरलो तर हवाच ओली.
"इथं कपडे वाळतात कसे?"

गाव रस्त्याच्या शेवटाला. पुढं रस्ता नव्हताच.
एक धक्का, बंद पडलेला बर्फाचा कारखाना,
सतरा होड्या, मी मोजल्या,
आणि खोली देणाऱ्या कुबलबाई. त्यांनी दारातच सांगितलं :
पाणी जपून हं, टँकर तीन दिवसांनी येतो.
राजव्वा हसली. सबंध प्रवासात पहिल्यांदा.
त्या रात्री दोघी ओट्यावर पिंपांविषयी बोलत बसल्या,
झाकण कुठलं बरं, तुरटी किती फिरवायची.
पलीकडं तो एवढा मोठा, अंधारात आवाज करत,
आणि कुणी त्याचं नावसुद्धा काढलं नाही.

सकाळी ओहोटी.
धक्क्याच्या अंगाला वाळूत तो पडला होता,
गंजलेला, कडी अर्धी खाल्लेली, दातांना शिंपले.
राजव्वा थांबली. चप्पल काढली.
का, ते मी विचारलं नाही.
बोट दांड्यावरून, मग वाकावरून, मग टोकापर्यंत,
टाका कुठं सुटलाय का बघताना फिरतं, तसं.
"हा आमचा," ती म्हणाली.
"नांगर तो," कुबलबाई म्हणाल्या, "होडी धरून ठेवतो."
"नांगरत नाही?"
"नाही. नुसता धरतो."
यावर दोघी बराच वेळ गप्प.
मग ती पाण्यात गेली, घोट्यापर्यंत, साडी मुठीत धरून.
सिद्राम मात्र आख्खा, ओरडत, खिशातल्या मोबाइलसकट.

शनिवारी परत. नळाचा वार.
रात्री तीनला पाइप पिंपात सोडून
ती बादलीत साड्यांची वाळू झटकत होती,
आणि मोरीच्या तोंडाशी ती थोडी साठली,
आमच्या मोरीला न शोभणारी, चमकणारी.

सोमवारी पाळीवर तिनं मास्तरला धरलं :
तुमच्या नांगराला दोरच नाही.
मास्तर म्हणाला, डिझाइन तिकडून येतं, आपण काय करणार.
त्या दिवशी दोनशे चाळीस नग.
एकावर तिनं कडीपाशी टाका घातला
आणि दोरा तोडला नाही, वीतभर लोंबता सोडला.

तो नग तपासणीत धरला गेला. सात रुपये कापले.
हे मला तिनं महिन्याच्या हिशेबात सांगितलं,
दूध आणि रॉकेलच्या मधे.